पाठवणी काही चालेना

रविवारी बायको बाजाराला गेली की तिच्या माघारी कॉम्प्युटर लावायचा, एकच फाईल बघायची आणि गुपचूप बंद करायचा, एवढंच मी ठरवलं होतं. दहा मिनिटांचं काम. पण माझ्या हातून आजवर दहा मिनिटांचं एकही काम दहा मिनिटांत झालेलं नाही (आमचे मुख्याध्यापक हे लेखी द्यायला तयार आहेत), आणि हे तर पार तिरडीच्या बांबूपर्यंत गेलं.

मी भागवत. देवळाली प्रवराला एका हायस्कूलमध्ये क्लार्क आहे, म्हणून गाव मला भाऊसाहेब म्हणतं. एमएससीआयटी पास आहे. दुसऱ्या खेपेला झालो, पण सर्टिफिकेटवर खेप लिहीत नाहीत. घरातला कॉम्प्युटर शाळेनंच निर्लेखित केलेला. निर्लेखित म्हणजे दप्तरी मेलेला. तो मी लिलावात घेतला, सोबत स्नेहसंमेलनाचे दोन स्पीकरही फुकट मिळाले. लंका, म्हणजे आमची मंडळी, दर दसऱ्याला त्याची पूजा करते. सीडीच्या खाचेत आता इतकं हळदकुंकू साचलंय की संक्रांतीला बाहेरून आणायला नको.

आता फाईलीचं सांगतो. आमची एकुलती एक आरती मिरजगावला दिली, त्याला आठ महिने झाले. तिची पाठवणी झाली तेव्हा मी तिथं नव्हतो. जार कमी पडले म्हणून पाणी आणायला गेलो होतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते साफ खोटं. मी मांडवातच मागच्या कोपऱ्यात लपलो होतो. (हे आजवर कुणाला बोललो नाही. तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही म्हणून सांगतोय.) पोरगी गाडीत बसताना बघायची माझ्यात धमकच नव्हती. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत डोळे गच्च मिटून उभा राहिलो आणि मग हात झटकत बाहेर आलो, जणू आत्ताच चार जार उतरवलेत.

त्या दिवसापासून मनाला एकच लागून राहिलंय. जाताना तिचा चेहरा कसा होता? ती मला शोधत होती का? बाप मेला कुठं, असं तिच्या मनात आलं असेल का? रोज संध्याकाळी तिचा फोन येतो.

"पप्पा, कधी येताय?"

"येतो गं, शाळेत ऑडिट चाललंय."

आठ महिने आमचं ऑडिट चाललंय. साखर कारखान्याचं एवढं चालत नाही. खरं कारण असं की मिरजगावला जायचं म्हणजे तिथून परत निघायचं, आणि परत निघायचं म्हणजे पुन्हा पाठवणी. म्हणून मी गेलोच नाही. लंका दोनदा एकटी जाऊन आली. मी इथं बसून आठवण काढतो. लई आठवण येते हो. चहात साखर कमी पडली तरी येते आणि जास्त पडली तरी येते.

तर परवा बेलापूरचा रिझवान शूटिंगवाला भेटला. आठ महिने मी त्याच्या मागं होतो आणि आठ महिने त्याचं मिक्सिंग चालू होतं.

"भाऊसाहेब, मिक्सिंगला अजून टाइम हाय," तो म्हणाला. "तोवर हे कच्चं शूटिंग घ्या. शेवटची फाईल, सत्तेचाळीस नंबर. पाठवणी."

आणि त्यानं माझ्या हातावर पेन ड्राइव्ह ठेवला. माझ्या मोबाईलला तो बसत नाही आणि आमच्या टीव्हीला तसलं भोकच नाही. राहिला कॉम्प्युटर.

रविवारी लंका पिशवी घेऊन बाहेर पडली, तसं मी दार लोटलं, पेन ड्राइव्ह खुपसला आणि सत्तेचाळीस नंबरवर टकटक केलं. पडदा काळा झाला. म्हटलं, येईल आता. पडदा काळाच राहिला, आणि स्पीकरमधून एकदम पंधरा-वीस बायांचा हंबरडा फुटला.

"आई गं! माझी बाय गं ती! आता कदी दिसायची गं!"

आता तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडं पाठवणीला बाया रडतात तेव्हा हातचं राखून रडत नाहीत. त्यात स्पीकर स्नेहसंमेलनाचे, त्यांना पाचशे पोरांवर मात करायची सवय. आवाजाचं बटण मागच्या वर्षीच गळून पडलेलं. मी माऊस हलवला, तो हलेना. कीबोर्ड बडवला, तो ऐकेना. कॉम्प्युटर जागच्या जागी आखडला आणि आवाज मात्र तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत सुटला. "आता कदी दिसायची गं! आता कदी दिसायची गं!"

दार धाडकन उघडलं. शेजारच्या कडूबाई तोंडाला पदर लावून उंबऱ्यात उभ्या.

"आत्ता गं बया! भाऊसाहेब, कोन गेलं?"

"कुणी नाही, आरती गेली!" मी आवाजावर ओरडलो. (घाईत तोंडातून असलंच काहीतरी निघतं.)

"आरती?" कडूबाई मटकन खालीच बसल्या आणि त्यांनी स्पीकरच्या सुरात सूर मिसळला.

"अहो तशी नाही गेली! सासरी गेली!"

"सासरी गेली तवाच म्या म्हनलं हुतं, लई लांब दिली पोरगी!"

तोवर रंगुबाई आल्या, त्यांच्या मागं आणखी चारपाच बाया. पुरुषमंडळी खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यावर गप्प उभी राहिली. समोरच्या छगननं कुणाला न विचारता बांबू आणायला माणूस पिटाळला. मी एकेकाला समजावत होतो, पण ज्याच्या घरातून रडारड ऐकू येते त्याच्या बोलण्याकडं कोण लक्ष देतं? "धक्का बसलाय त्यांना, बडबडू द्या," असं म्हणून कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

आणि एवढ्यात लंका बाजारातून आली.

दारात गर्दी, खांद्यांवर टॉवेल, आतून आकांत. घरात माणूस एकच, मी. तिनं हिशेब काय तो लावला. पिशवी हातातून सुटली, वांगी ओट्यावरून गडगडत गेली आणि ती गर्दी चिरत आत शिरली. "अहो! अहो, असं कसं केलं हो तुमी!" माझी बायको माझ्यासाठी अशी रडेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. मला गहिवरून आलं. तेवढ्यात तिनं मला तांब्या घेऊन उभा पाहिलं.

"हायेत का तुमी?"

"आहे."

"मग ही गर्दी कशाची? आन् माझी वांगी कोन भरून देनार?"

शेवटी मी खाली वाकून वायरच उपटली, तेव्हा कुठं रडणं थांबलं. म्हणजे कॉम्प्युटरचं थांबलं. कडूबाईंना आणखी दोन मिनिटं लागली.

मी सगळं उलगडून सांगितलं. आरती सुखरूप आहे, हे तिच्या लग्नाचं शूटिंग आहे, आवाज येतोय पण चित्र येत नाही. आता लोकांनी उठून घरी जावं की नाही? पण आलेल्या बाया पोतं अंथरून बसल्या. "मंग दावा की शूटिंग," रंगुबाई म्हणाल्या. "आलोच हाय तर बघून जातो. माझी जांभळी साडी हाय त्यात." ओट्यावरचे टॉवेलही आत आले.

जार आणायला गेलेला माणूस त्या फाईलीत कुठं दिसू नये, एवढीच आता देवाकडं मागणी होती. एकीकडं मला तो चेहरा बघायचा होता, जीव तुटत होता त्यासाठी. दुसरीकडं वाटत होतं, न चाललेलंच बरं.

पण समोर प्रेक्षक बसले की एमएससीआयटीवाल्याला मागं हटता येत नाही. आधी मी फाईलीचं नाव बदललं. शेपटीला दुसरी अक्षरं लावून पाहिली, पुन्हा तिसरी लावून पाहिली. एकाच फाईलीचं तीनदा बारसं झालं, चित्र काही आलं नाही. मग रिझवानला फोन लावला.

"भाऊसाहेब, माझा कॅमेरा नवा, तुमचा कॉम्प्युटर म्हातारा," तो म्हणाला. "चित्र नव्या पद्धतीनं दाबून भरलंय, त्याला ते उलगडता येत न्हाई. आवाज जुन्या पद्धतीचा, तेवढा ऐकू येतो. नवीन प्लेअर उतरवून घ्या. पन सांगून ठेवतो, अडकत अडकत चालंल."

छगनच्या मोबाईलवरून नेट घेतलं. प्लेअर उतरायला पाऊण तास लागला, तेवढ्यात लंकानं बारा जणांचा चहा केला आणि वांगीही मोजून घेतली. दोन कमी भरली.

पुन्हा सत्तेचाळीस. पुन्हा हंबरडा, पण या वेळी चित्र आलं! सगळी खोली ओरडली, रंगुबाईंची साडी दिसली, आणि चित्रानं बसकण मारली. आवाज पुढं गेला. मग चित्र एकदम उडी मारून आवाजाला गाठायचं, की पुन्हा बसकण. अशा तीन उड्यांनंतर गाडी दिसली, गाडीचं उघडं दार दिसलं, आणि दाराला धरून उभी असलेली आरती दिसली.

तिथं चित्र जे थांबलं ते थांबलंच.

आठ महिने जो चेहरा डोळ्यांपुढं आणायला धडपडत होतो तो समोर होता. हिरवा शालू, नाक लाल, डोळे भरलेले. मला वाटलं होतं ती कावरीबावरी होऊन शोधत असेल. ती शोधत नव्हती. ती मान वळवून एकाच जागी बघत होती, आणि रडता रडता थोडीशी हसत होती. माझी पोर. कुणी काही म्हणो, एवढं देखणं रडणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं की खोलीतले सगळेच ती बघतेय तिकडं बघताहेत. पडद्याच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची उतरंड होती. उतरंडीमागं मी होतो. डोळे गच्च मिटलेले, तोंडात टॉवेलचा बोळा.

चित्र हलेना. आवाज मात्र चालू होता.

"हे कुठं गेले गं ऐनवेळी?" आवाज लंकाचा.

"आई, हाक मारू नको." आवाज आरतीचा. "तिकडं खुर्च्यांमागं हायेत. रडतायत. राहू दे, त्यांना वाटू दे कुनी बघितलं न्हाई."

मी लंकाकडं वळलो. ती वांग्याचा देठ बघत बसली होती.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"आठ महिने?"

"तुमी जारचं इतकं रंगवून सांगत हुता, मला मोडवंना."

"आमाला बी ठावं हुतं, भाऊसाहेब," कडूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसून बशीतला चहा प्यायला लागल्या.

मग मला काही आवरलं नाही. या खेपेला मागं उभं राहायला काही नव्हतं, म्हणून तिथंच, सगळ्या गल्लीसमोर रडलो. रडत रडतच मोबाईल काढला.

"आरते, तुला दिसत होतो मी?"

"पप्पा, प्लास्टिकच्या खुर्च्यांना पाठीत जाळी असती. आख्ख्या मांडवाला दिसत हुता तुमी."

"उद्या येतो," मी म्हणालो.

"आन् ऑडिट?"

"संपलं."

"या मग," ती म्हणाली. आवाज तिचाही जड झाला होता. "पन आमच्याकडं खुर्च्या दोनच हायेत. निघताना लपायचं असंल तर घरनं घेऊन या."