खर्च दिसला पाहिजे

भव्यतेची किंमत मोजावी लागते, आणि ज्याने ती मोजली त्याला इतिहास विसरत नाही. हे वाक्य संगमनेरहून पुण्याकडे निघालं की डाव्या हाताला एका किल्ल्याच्या दरवाजावर दिसतं. दरवाजा दोन मजली आहे. त्याला बुरूज आहेत, बुरुजांवर तोफा आहेत. वाक्याच्या खाली त्याच वळणाच्या अक्षरात लिहिलं आहे : वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत. अन्न वाया घालवू नये.

किल्ला प्लायवूडचा आहे. आत मंगल कार्यालय आहे. किल्लेदार म्हणजे आमचे जयवंतशेठ.

शेठचा मूळ धंदा पेंडीचा. आमच्या भागात दुधाची जनावरं भरपूर, त्यामुळे पेंड विकणाऱ्या माणसाला आयुष्यात दुसरं काही करायची गरज पडत नाही. शेठना ती पडली. त्यांनी एक ऐतिहासिक चित्रपट काढला. त्याचं नाव मी इथे देत नाही, कारण ते घेतलं की आमच्याकडे लोक हात वर धरून दाखवतात. का, ते पुढे येईल.

कार्यालयात लग्नासाठी मोठा एलईडी पडदा आहे. हॉल बघायला आलेल्या माणसाला शेठ आधी खुर्चीवर बसवतात, चहा देतात आणि पडद्यावर आपला चित्रपट लावतात. स्वतः शेजारी उभे राहून समजावून सांगतात. पडद्यावर चार हत्ती धूळ उडवत येतात आणि शेठ म्हणतात, "हा डाळिंबाचा मळा." तोफखाना उडतो. "हे स्टँडसमोरचे दोन गाळे." नायिका गाणं म्हणत संगमरवरी जिना उतरते. "जिना बघा. पेंडीचं गोडाऊन हाय ते." मुलीच्या लग्नासाठी आलेला बाप मान डोलावतो. सात-बाराचा उतारा असा रंगीत आणि पार्श्वसंगीतासह मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या प्रकरणात मी अगदी सुरुवातीपासून आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो. एका सकाळी शेठ घरी आले. आमच्या भागातल्या एका सरदाराबद्दल इतिहासात दीड ओळ आहे. त्या दीड ओळीवर तीन तासांचा चित्रपट करायचं ठरलं होतं.

"सर, या लढाईत हत्ती किती व्हते?"

"एकही नव्हता."

शेठनी थोडा विचार केला. "मग चारच घेऊ. जास्त नको."

हा त्यांचा संयम होता. दिग्दर्शकाने बारा मागितले होते.

दिग्दर्शक मुंबईहून आला होता. त्याने आधीही एक भव्य चित्रपट केला होता. त्या चित्रपटाचा निर्माता सध्या काय करतो, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मुहूर्ताला सगळ्या पक्षांचे पुढारी एका व्यासपीठावर आले, जे आमच्या जिल्ह्यात एरवी फक्त तेराव्याला घडतं. प्रत्येकाने भाषणात सांगितलं की, मराठी चित्रपट मागे आहे तो खर्चाअभावी. खर्च करणारा माणूस समोरच बसला होता. त्याच्या गळ्यात हार होता.

तेव्हापासून शेठच्या तोंडात एक वाक्य बसलं. "खर्च दिसला पाहिजे." राजवाड्याचे खांब एकदा रंगवून झाले होते, शेठ म्हणाले, सोनेरी करा, खर्च दिसला पाहिजे. सरदाराची आई आजारी पडते त्या प्रसंगात तिच्या अंगावर इतके दागिने होते की ती कशाने आजारी आहे ते प्रेक्षकांना लगेच कळलं.

मी एकदा म्हटलं, "शेठ, एवढ्यात चांगले दहा चित्रपट झाले असते."

"झाले असते. पन दिसले असते का?"

मोठ्या खर्चाचे चित्रपट वसूल होत नाहीत असं लोक म्हणतात, ते खरं नाही. वसुली होतेच. फक्त ती वेगवेगळ्या लोकांची होते. दिग्दर्शकाची झाली, त्याने पुण्यात फ्लॅट घेतला. जनरेटरवाल्याची झाली. हायवेवरच्या लॉजची झाली. लढाईत लढायला आलेल्या आमच्या आख्ख्या तालुक्याची दोन वेळच्या जेवणावर झाली, आणि शिवाय भाजी बेचव होती अशी तक्रार करायला मिळाली.

लढाईचीही एक अडचण होती. आमच्याकडचा प्रत्येक माणूस मावळा व्हायला तयार होता. शत्रू व्हायला कोणी तयार नव्हतं. कोणीतरी शहाण्याने रशीदभाई टेलरच्या मुलांना जाऊन विचारलं. मोठा भडकला. "आमी काय म्हनून दुश्मन? पोशाख आमच्या अब्बानं शिवले. आमी मावळंच व्हनार." आणि झाले. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी मावळेच उभे राहिले. शेवटी मजुरी वाढवून मोगल मिळवावे लागले.

मग मोगल मरेनात. तलवार लागली की माणूस दोन पावलं मागे सरकायचा आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडायचा, "पडा! पडा!"

"पडलं की तोंड दिसत न्हाई, साहेब," एक मोगल म्हणाला. "घरी काय दाखवू?"

हत्ती आले तेव्हा मी जायचा बंद झालो. एक तर त्या लढाईत ते नव्हते, आणि दुसरं म्हणजे त्यांच्यासाठी डाळिंबाचा मळा गेला होता. तो मळा शेठच्या बायकोने, सुमनवहिनींनी, लावलेला. पहिली दोन वर्षं त्यांनी त्याला हंड्याने पाणी घातलं होतं. मळा विकला त्या दिवशी त्या मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हत्तीला डाळिंब आवडत असंल का हो?" आणि सेटवरच्या पिठल्याचं बघायला निघून गेल्या. त्या सगळ्या सैन्याचा स्वयंपाक वहिनींच्या ताब्यात होता. फोटो काढायला कोणी आलं की त्या पदर ओढून चुलीमागे जायच्या. घरच्या लग्नांच्या व्हिडिओतही त्या कुठे नाहीत. असल्याच तर पाठमोऱ्या.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. शेवटचा मोठा शॉट रणांगणाचा होता. मोठी क्रेन आणलेली, तीही एकाच दिवसापुरती. खाली मैदानभर मुडदे, आणि कॅमेरा हळूहळू वर जाणार. दिग्दर्शकाने तारीख मुंबईत बसून ठरवली होती. त्या दिवशी आमचा आठवडी बाजार असतो. सकाळी सगळे आले, जेवले, आणि दुपारी मेलेले बाजाराला गेले. पिशव्या त्यांनी आणलेल्याच होत्या. क्रेन उभी, ऊन कलायला लागलेलं, आणि मैदानात मोजके मुडदे. तेव्हा शेठ स्वतः मोगलाचा अंगरखा घालून आडवे झाले. ड्रायव्हर, लाइटवाले, आचारी, जो हाती लागला त्याला दाढी चिकटवून झोपवला. शॉट झाला.

चित्रपट लागला. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर भरभरून लोक आले. शेवटचा शॉट आला. संगीत थांबलं, सगळं थिएटर गंभीर झालं, आणि पडद्यावर डाव्या कोपऱ्यातल्या एका दाढीवाल्या मुडद्याने हात उचलला आणि शेजारच्या मुडद्याच्या डोळ्यांवर सावली धरली.

चांगली धरली. शॉट संपेपर्यंत धरली.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा सगळ्यांच्या मोबाईलवर होता. कोणी त्याखाली लिहिलं, 'दोस्ती मेल्यावरही'. कोणी टोपीच्या दुकानाची जाहिरात केली. थिएटरमध्ये लोक मधल्या दोन तासांत बाहेर वडापाव खायला जायचे आणि मुडद्यासाठी आत यायचे. मग मुडदा फुकटात मोबाईलवर मिळतोय म्हटल्यावर तेही यायचे थांबले. दुसरा आठवडा उजाडला नाही. मुहूर्ताला भाषण केलेल्या पुढाऱ्यांपैकी एक मला म्हणाला, "सर, मी शेठना तेव्हाच बोललो होतो, साधा घरगुती विषय घ्या."

संकलकाने ती चूक आधीच पाहिली होती, हे सगळ्यांना माहीत झालं. शॉट निम्म्यातून कापू, असं तो म्हणाला होता. शेठनी कापू दिला नाही. "क्रेनचं भाडं दिलंय. खर्च दिसला पाहिजे." आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पेंडीचा व्यापारी तो पेंडीचा व्यापारीच, असं मीही दोन-तीन ठिकाणी म्हणालो आणि लोक हसले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सुमनवहिनी तापाचं निमित्त होऊन गेल्या. शेठनी सेटवरच्या किल्ल्याचं मंगल कार्यालय केलं. चित्रपटातले घोडे आता नवरदेवाला आणतात. डीजेला ते बिचकत नाहीत, तोफांची सवय आहे. मावळ्यांच्या वेशातले वाढपी जिलबी वाढतात. माझी समजूत होती की हा माणूस कधीतरी पैसे सुटतील या आशेवर जगतो आहे.

ती आशा गेल्या महिन्यात चालत आली. मोबाईलवर चित्रपट दाखवणारी एक कंपनी आहे, तिची दोन तरुण माणसं मुंबईहून आली. ऐतिहासिक विषयांना सध्या मागणी आहे म्हणाले. जी रक्कम त्यांनी सांगितली तिच्यात सगळं नाही, पण डाळिंबाचा मळा परत आला असता. मळा घेणारा माणूस द्यायला तयार होता, शेठनी त्याला आधीच विचारून ठेवलं होतं. मला त्यांनी कागद वाचायला बोलावलं होतं. नवा सदरा घातला होता आणि चहात वेलदोडा होता.

दुपारची वेळ. रिकामा हॉल, मांडून ठेवलेल्या खुर्च्या. पडद्यावर शेवटचा शॉट लावलेला.

"काका, एकच गोष्ट," त्यातला एक म्हणाला. "हे जे व्हायरल झालं होतं, ते काढू. कॉम्प्युटरवर हात पुसून टाकता येतो. खर्च आमचा."

"क्रेनचा शॉट हाय तो," शेठ म्हणाले.

"शॉट राहील की. फक्त हात जाईल."

दुसऱ्याने रिमोट घेतला, चित्र थांबवलं आणि मोठं केलं. मुडदा सगळ्या पडद्यावर पसरला. "आणि हे बघितलंय का तुम्ही? याच्या हातात बांगड्या आहेत! मोगलाच्या हातात हिरव्या बांगड्या!" दोघंही हसायला लागले. हसण्यासारखंच होतं. काळी कुळकुळीत दाढी, डोक्याला फेटा, आणि मनगटावर काचेच्या हिरव्या बांगड्या. "असं कसं राहिलं हो काका? काढायला सांगायच्या ना."

"सांगितलं व्हतं," शेठ म्हणाले. "दिग्दर्शकानं तीनदा सांगितलं. म्हनली, दाढी लावा, मिशा लावा. नवऱ्याशेजारी मुडदा म्हनून निजायचं, त्याला माझी ना न्हाई. पन नवरा मेल्याला पडलाय आन मी बांगड्या काढू? ते व्हनार न्हाई."

दोघांनाही काही कळलं नसावं. एकाने घड्याळ पाहिलं.

"मोतीबिंदूचं नुकतंच झालं व्हतं माझं," शेठ मला म्हणाले. मला म्हणजे पडद्याकडे बघत. "डॉक्टरांनी काळा चष्मा दिल्याला. मुडद्याला चष्मा चालंना. मी हळूच म्हनलं, अगं हात खाली घे, चालू हाय. तर म्हनती, गप पडा. मेल्यालं मानूस बोलत न्हाई."

मग पहिला तरुण समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, भावना समजतात. पण प्रेक्षक हसतात ना. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रोजेक्टचं त्या एका हाताने वाटोळं झालं. आम्ही तो काढला तर तुमचं सगळं बजेट पडद्यावर दिसेल. हत्ती दिसतील."

"हत्ती काढून टाका," शेठ म्हणाले.

"काय?"

"चारी काढा. जिना काढा. ते गानं काढा. पुसा काय पुसायचं ते." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतले, नीट घडी केली आणि त्याच्या पुढ्यात ठेवले. "हात न्हाई काढायचा."

ती दोघं चहा पिऊन गेली. गाडीत बसताना एकाने दोन्ही बुरूज येतील असा सेल्फी घेतला. मळा घेणाऱ्या माणसाला शेठनी फोन करून सांगितलं की, राहू द्या, लावा तुम्ही तुमचा ऊस.

मग आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. शेठनी शॉट पहिल्यापासून लावला. या वेळी कुठला मळा, कुठला गाळा असं काही ते बोलले नाहीत. मी सवयीने मधोमध बघत होतो, त्यांची नजर खाली डाव्या कोपऱ्यात होती. मैदान, धूळ, पडलेली निशाणं. हात वर आला. शेठनी डोळे बारीक केले, जणू आत्ता कुठे ऊन कमी झालं.

त्यांनी तो पुन्हा लावला.

पाच वाजता साखरपुड्याची मंडळी आली. त्यांना पडद्यावर नवरानवरीची नावं हवी होती, आणि पडद्याचं भाडं त्यांनी वेगळं भरलं होतं. शेठ उठले, रिमोट घेतला आणि सुमनवहिनींना बंद केलं.