हिवराचं एकटं झाड

एक

कॅमेऱ्याचा रोल फ्रीजमध्ये सापडला, कोथिंबिरीच्या जुडीखाली. गजेंद्रने तो पुसला, हुंगला आणि खुर्चीत बसून घेतलं.

"सांभाराखाली काहून ठेवला?"

"तुमीच म्हणले ना, थंड जागी ठेव," दामिनी म्हणाली. "अन् दोन महिने तुमी त्याले हात नाई लावला. मले वाटलं, याचंबी तुमच्यासारखंच झालं."

बायकोचं चुकत नव्हतं. अमरावतीतला गजेंद्रचा स्टुडिओ लग्नांवर चालायचा, पण स्वतःसाठी म्हणून त्याने नऊ वर्षांत एक फोटो काढला नव्हता. सुचतच नव्हतं. प्रेरणा यावी म्हणून तो पहाटे उठला, पातूरच्या लेण्यांत बसला, दाढी वाढवली. आली ती फक्त दाढी. मग एकदा दर्यापूरहून लग्न आटोपून येताना बसच्या खिडकीतून त्याला ते दिसलं. भेगाळलेलं काळं वावर, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून हिवराचं एकच झाड, आणि बाकी काही नाही. नऊ वर्षं त्याच्या आत जे होतं, ते कुणीतरी बाहेर मांडून ठेवलं होतं.

अकोल्याचे वाहेदभाई जुने कॅमेरे दुरुस्त करत आणि वर्षातून एकदा प्रदर्शन भरवत. कॅमेराही त्यांचाच, रोलही त्यांचाच. फोटोखाली लावायची पाटीसुद्धा त्यांनी आधीच छापून टाकली होती : 'एकटं झाड'.

"बारा फोटो निघतात, गजूभाऊ. तेरावा मांगू नका," ते म्हणाले होते. "अन् या सालीबी नाई जमलं, तं कॅमेरा वापस करा. कोनाच्या तरी कामी येईन."

कॅमेरा डब्यासारखा होता. वरून मान खाली घालून काचेत पाहायचं. गजेंद्रने वावरासमोर तिपाई रोवली, उजेड मोजला, वहीत आकडे लिहिले आणि तीन तास उभा राहिला. बटण दाबताक्षणी ढग आला आणि पहिला फोटो वाया गेला. वावराचे मालक पंजाबराव धुऱ्यावरून पाहत होते.

"किती फूट जाऊन राहिलं, साहेब?"

"काय जाऊन राहिलं?"

"रस्ता."

"रस्ता नाई हो. मी झाडाचा फोटो काढतो."

"हो, हो," पंजाबरावांनी समजूतदार मान हलवली. "सर्वेत झाडं पयले मोजाच लागते. मोबदला त्याच्यावरच निघते."

दोन, तीन, चार

आठ दिवसांनी वावरात चाळीस संत्र्याची रोपं होती.

"हे काय, पंजाबराव?"

"जुनी बाग हाय."

"मागच्या आठवड्यात नव्हती."

"तुमी हिवराकडं पाहून राहिले होते."

बागेमागे पत्र्याचा कोरा गोठा उभा होता. त्यात एक म्हैस बांधलेली होती. ती दुसऱ्या गावची असल्याने सारखी हंबरत होती. गजेंद्रने तिपाई तीन ठिकाणी हलवून पाहिली. तिन्ही फोटोंत म्हैस आली.

पाच

शेवटी त्याने ठरवलं, यांना कॅमेराच दाखवावा. "तुमीच पाहा. याच्यात नुसतं चित्र दिसते."

पंजाबराव वाकले. बराच वेळ वर आले नाहीत.

"हिवर तिकडं कसा गेला?" त्यांनी काचेतूनच विचारलं. "तो तं वयनीचा आंग हाय. म्हैसबी नेली तुमी."

त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. धुऱ्यापलीकडचं वावर पंजाबरावांच्या थोरल्या भावाच्या बायकोचं, पार्बताबाईंचं होतं. दीर-भावजय सहा वर्षं एकमेकांशी झाडापुरतंच बोलत होते. भांडणाचा वास येताच त्या आल्या, डोक्यावरचा पदर सावरून काचेत पाहिलं आणि तृप्त झाल्या.

"सरकारी मशीन हाय, भाऊजी. ते खोटं कायले बोलंन?" असं म्हणून त्यांनी शिक्का मारल्यासारखं बटण दाबलं. पाचवा फोटो गेला.

"आरशात कसं उलटं दिसते, तसं हाय हे," गजेंद्र काकुळतीला आला.

"आरशात मी मलेच दिसतो," पंजाबराव म्हणाले. "वयनी नाई दिसत."

सहा ते अकरा

यापुढचं गजेंद्रच्या वहीत असं आहे.

सहा : बुंध्यावर चुन्याने 'पंजाबराव'.

सात : बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड. पार्बताबाई म्हणतात, देव जुना आहे.

आठ : शेंदरावर चुना.

नऊ : बोअरचा पाइप. जमिनीत गेलेला नाही.

दहा : म्हैस.

अकरा : म्हैस, जवळून.

बारा

आणि मग, प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना, तो उजेड आला. तिरपा, तांबूस, भेगाभेगांत उतरणारा. गजेंद्रने मान खाली घालून काचेत पाहिलं. झाडाच्या एका अंगाला पंजाबराव आणि दुसऱ्या अंगाला पार्बताबाई बुंध्यावर हात ठेवून उभे होते.

"जरा बाजूले व्हा हो."

"कोन?" दोघांनी विचारलं.

"दोघंबी."

"पयले त्यायले होऊ द्या," पार्बताबाई म्हणाल्या.

"पयले तिले," पंजाबराव म्हणाले.

सूर्य अर्धा बुडाला. गजेंद्रने डोळे मिटून बटण दाबलं.

तेरा

"एकटं झाड म्हनता," वाहेदभाई छापलेला फोटो न्याहाळत म्हणाले, "अन् इथं तं पूरी बारात हाय." पण बारांतला तोच एक धड होता. तोच भिंतीवर लागला.

अकोल्यात सर्वेचा नकाशा लागला, ही बातमी दर्यापूरच्या बाजूला पोचायला वेळ लागला नाही. दीर-भावजय एकाच बसने आले, वेगवेगळ्या सीटवर. फोटोत अर्थातच सगळं जागच्या जागी होतं.

"आता बरोबर केलं, साहेब," पंजाबराव म्हणाले. "झाड माया अंगाले आलं."

"मशीनमधी तं माया अंगाले होतं," पार्बताबाई म्हणाल्या. "रस्त्यात कसं पलटलं? किती घेतले यायच्याजवळून?" आणि त्यांनी फोटोखाली फरशीवर बसकण मारली. "जसं होतं तसं पलटवा. तोवर मी उठत नाई."

"वाहेदभाई, सांगा ना यायले," गजेंद्र म्हणाला.

प्रमुख पाहुणे, निवृत्त चित्रकला शिक्षक नत्थुजी, दहा मिनिटांत यायचे होते. वाहेदभाईंनी फ्रेम उतरवली, फिरवली आणि तोंड भिंतीकडे करून पुन्हा टांगली.

"घ्या बाई. पलटवला."

पार्बताबाई उठल्या. पंजाबरावांनी भिंत आणि फ्रेम यांच्या फटीत डोळा घातला आणि आपलं झाड आपल्याच अंगाला असल्याची खात्री करून घेतली. दोघंही समाधानाने बस स्टँडकडे गेले.

नत्थुजी त्या फ्रेमसमोर थांबले ते थांबलेच. फ्रेमच्या पाठीचं प्लायवुड ओलीने काळपटलं होतं, त्याला बारीक भेगा गेल्या होत्या. एका बाजूला एक खिळा अर्धाच ठोकलेला राहिला होता. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि खिळ्याची सावली लांब पडली होती. खाली पाटी : 'एकटं झाड'.

"किती वर्सांनी असं वावर पाह्यलं," नत्थुजींनी चष्मा पुसला. "काईच नाई ठेवलं तुमी."

गजेंद्रने पाहिलं. हेच होतं. नऊ वर्षं हेच होतं. ऊन सरकायला लागलं होतं. त्याने घाईने गळ्यातला कॅमेरा वर घेतला, मान खाली घातली, रोल सरकवायची चावी फिरवली. ती नुसतीच गरगर फिरली.

वाहेदभाई शेजारीच उभे होते.

"तेरावा मांगू नका," ते हळूच म्हणाले.