काशिनाथकाका बोट भरतात

काशिनाथकाका नुसत्या नजरेने माणसाचं वजन सांगायचे, पण किलोत नाही, पेट्यांत. डहाणूच्या किनाऱ्यावर जेट बोटीची तिकिटं फाडायला मी बसले, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "सहा पेट्या. वर चार चिकू." मी अशी चिडले की विचारू नका. घरी जाऊन किराणावाल्याच्या काट्यावर उभी राहिले. साठ किलो चारशे ग्रॅम! मेल्या काट्यानेही त्यांचीच बाजू घेतली.

तीस वर्षं घोलवडच्या एका वाडीत त्यांनी चिकू भरले होते. पेटी दहा किलोची. खाली कागद, त्यावर थर, थरावर थर. "माझी एकही पेटी डाग पडून परत आली नाही," हे ते प्रत्येक पर्यटकाला सांगत. त्या बिचाऱ्याने फक्त पाणी किती खोल आहे एवढंच विचारलेलं असायचं. पुढे काकांचे गुडघे गेले, बसून भरणं होईना, म्हणून उभ्याने करायचं काम शोधत ते इकडे आले. आमच्या पिंटूशेठनी त्यांना लाइफ जॅकेट बांधायला आणि माणसं बोटीत बसवायला ठेवलं. शेठना वाटलं, म्हातारा आहे, गप्प उभा राहील. घ्या!

काकांनी आठवड्याभरात वाडीतला जुना काटा आणून वाळूवर फळी टाकून मांडला. त्यावर उभं राहिल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही. बायका काटा बघूनच म्हणायच्या, "नको बाई, आपण भेळ खाऊ." एकदा एक ढेरपोटे साहेब आले आणि काट्यावर न चढताच "ऐंशी किलो" म्हणाले. काका म्हणाले, "साहेब, चिकूसुद्धा इतकं खोटं बोलत नाही." चढवलं तर भरले साडेदहा पेट्या. काकांनी त्यांना बरोबर मधोमध बसवलं आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन किरकोळ माणसं लावली. साहेब लाजून पूर्ण फेरीभर समुद्राकडे बघत बसले. तसं बघायला दुसरं तिथे काही नव्हतंच म्हणा.

त्यांचा मंत्र एकच, "माल हलता कामा नये." माल म्हणजे आपण. चिकू चिकूला टेकला पाहिजे, पण दाबला जाता कामा नये, हे शास्त्र ते माणसांना लावायचे. तलासरीचे एक निवृत्त मास्तर आणि एक नवं जोडपं एकाच फेरीला आलं. नवरा नऊ पेट्या, नवरी साडेचार. एका बाकावर बसवले तर बोट कलंडेल, म्हणून काकांनी नवऱ्याला पलीकडे टाकलं आणि नवरीला मास्तरांच्या जोडीला दिलं. बोटीने वळण घेतलं, नवरीने किंचाळून हाताला येईल त्याला मिठी मारली, आणि नेमका तेव्हाच आमच्या फोटोवाल्याने फोटो काढला. मास्तरांनी दोन प्रती मागितल्या.

मला खरी गंमत वेगळीच वाटायची. शेकडो लोकांना बोटीत भरणारा हा माणूस स्वतः कधी त्या बोटीत चढला नव्हता. गुडघाभर पाण्यापुढे जायचा नाही. "आपण वाडीतली माणसं. पाणी पाटातलं चांगलं," म्हणायचे. धाकटी डहाणूचा आमचा बोटवाला रमेश त्यांना चिडवायचा, "काका, बोट आहे ही, ट्रक नाही." काका शांतपणे म्हणायचे, "ट्रक उलटला तर माल रस्त्यावर तरी सापडतो."

पण एक फेरी भरायला काकांना पंधरा मिनिटं लागायची, आणि शेठचं डोकं तापायचं. सतरा सालच्या दिवाळीच्या सुट्टीत किनारा माणसांनी फुलला होता. शेठ सकाळीच म्हणाले, "काका, आज टाइम खोटी केलात तर उद्यापासून घरीच बसा." घरी बसा म्हटल्यावर काकांचा चेहरा कसा उतरला, ते मी पाहिलं. त्या दिवशी त्यांनी काटासुद्धा गुंडाळून ठेवला आणि भराभर नजरेनेच माणसं बसवली. दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं.

मग वापीहून अकरा जणांचं कुटुंब आलं. बोट आठ जणांची.

"काका, छोकरांना मांडीवर घेऊ द्या," शेठ म्हणाले. "त्यांचं वजन ते कितीसं?"

"वजनाचं नाही शेठ. जॅकेटं आठ आहेत. मांडीवरच्या पोराला काय बांधू, रुमाल?"

"किनाऱ्यावरच तर फिरायचंय! सोडा दोर."

"नाही सोडत."

रांगेत शिट्ट्या सुरू झाल्या. शेठ लालबुंद. "मग निघा! आत्ताच निघा. उद्या येऊ नका!"

काकांनी दोर रमेशच्या हातात दिला आणि पाण्यातून बाहेर आले. मला वाटलं, गेले. पण ते सरळ माझ्या टेबलापाशी आले आणि पैसे पुढे केले. "एक तिकीट दे, नंदा."

"काका, अहो तुम्हाला भीती वाटते ना?"

"वाटते. तू फाड."

तिकीट घेऊन ते बोटीत चढले आणि मधल्या बाकावर जाऊन बसले. तिथून ओरडले, "शेठ, आता मी तुमचा नोकर नाही, गिऱ्हाईक आहे. आठाच्या वर एक माणूस चढला तर गिऱ्हाईक बोट हलू देणार नाही!"

शेठनी कपाळावर हात मारला. पण त्या कुटुंबातली म्हातारी बा खो खो हसत सुटली. "आ डोसो साचुं कहे छे, म्हातारा खरं बोलतोय," म्हणाली, आणि तिन्ही नातवंडांना घेऊन वाळूवरच बसली. "आम्ही दुसऱ्या फेरीला जाऊ. पण माझ्या छोकरांना हेच काका बांधणार. हे नसतील तर आम्ही चाललो." रांगेतल्या एक-दोघांनीही माना डोलावल्या. शेठ रांगेकडे बघून पुटपुटले, "बरं बरं. या उद्या."

काकांना आता उतरता येईना. सात जण आणि ते, बरोबर आठ झाले होते, आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी जॅकेट अंगात घातलं. पण ज्या हातांनी दिवसाला शंभर नाड्या बांधल्या, त्या हातांना स्वतःची नाडी सापडेना. मी सलवार भिजवत पाण्यात गेले आणि बोटीच्या काठावरून वाकून त्यांच्या छातीवरची गाठ मारली. कॉलर दुमडली होती, तीही सरळ केली.

 

"तुझी शांताकाकू जाऊन चार वर्षं झाली," काका हळूच म्हणाले. "तेव्हापासून माझी कॉलर कोणी सरळ केली नव्हती बघ." मग म्हणाले, "म्हणून तर येतो गं इथे. घरी कोणाला बांधू?"

रमेशने इंजिन सुरू केलं. मी मागे सरकणार, तेवढ्यात काका म्हणाले, "नंदा, ही गाठ जरा सैल वाटते."

गाठ पक्की होती. मी ती सोडली आणि सावकाश पुन्हा बांधली.