ओरेस्टचा गुडघा आणि सहा आकडे

पेलिकन फोर्क नगरपालिकेच्या नियमपत्रिकेप्रमाणे, नोकरी सोडणाऱ्या माणसाचं संगणकावरचं खातं चोवीस तासांच्या आत बंद करण्यात येतं. ओरेस्ट बोडनार पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाला त्याला येत्या मार्चमध्ये सहा वर्षं होणार होती, आणि कागदोपत्री त्याचे चोवीस तास अजून चालूच होते.

यात हलगर्जी कोणाचीच नव्हती. खातं बंद करायला मुख्य व्यवस्थापकाची परवानगी लागे, आणि मुख्य व्यवस्थापक म्हणून संगणक एकट्या ओरेस्टला ओळखत होता. स्वतःचं खातं स्वतःच बंद करायला नियमाने मनाई होती. दुसरा व्यवस्थापक नेमायचा तर ओरेस्टने कचेरीत बसून तशी नोंद करायला हवी, पण निवृत्त माणसाने कचेरीच्या संगणकाला हात लावणं हा सुरक्षेचा भंग. तेव्हा कोणताही नियम न मोडता एक तोड काढण्यात आली. कचेरीतली अकराही माणसं ओरेस्टच्याच खात्यातून कामं करू लागली. पासवर्ड सगळ्यांना पाठ होता, कारण ते ओरेस्टच्या कुत्र्याचं नाव होतं आणि कुत्रा गावात लोकप्रिय होता. अडचण एवढीच होती, की दर वेळी खात्री पटवण्यासाठी संगणक सहा आकडे पाठवी, आणि ते जात ओरेस्टच्या फोनवर.

त्यामुळे सहा वर्षं ओरेस्टने मासेमारी अशी केलीच नाही. गोठलेल्या तळ्यावर त्याची लाकडी खोपटी होती, आत शेगडी होती, बर्फाला पाडलेलं भोक होतं, आणि कानाला फोन होता.

"ओरेस्ट, ब्रेंडा बोलतेय. आकडे?" ब्रेंडा थीसेन नगरपालिकेची चिटणीस. पूर्वी ती ओरेस्टला चहा विचारायची, आता फक्त आकडे विचारते.

"थांब, चष्मा घालू दे. चार, शून्य, नऊ, नऊ, एक, सात."

फोन बंद. मग बर्फ उपसायच्या गाडीवरचा क्लेटन. गाड्यांच्या कोठाराचं दार संगणकाशिवाय उघडत नसे. मग बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंग खेळाच्या मैदानाचा रखवालदार. मासा कधी गळाला लागून सुटून गेला, हे ओरेस्टला बायकोला सांगावं लागे, आणि ती ते मानत नसे.

"मासा होताच कुठे?" ल्यूबा म्हणायची. "आणि असता, तर त्यानेही आकडे मागितले असते."

मध्यंतरी प्रांताच्या राजधानीतून, रेजायनाहून, मिस व्हिटकोम नावाच्या सुरक्षातज्ज्ञ दोन दिवस येऊन गेल्या. अकरा माणसं एकाच खात्यात आहेत हे पाहून त्यांनी 'अत्यंत गंभीर' असा शेरा मारला आणि उपायही सुचवला. आकड्यांसोबत संदेशात 'हे आकडे कोणालाही सांगू नका' असा इशारा येतो. यापुढे ओरेस्टने आकडे सांगण्यापूर्वी तो इशारा मोठ्याने वाचून दाखवावा. तसा तो वाचू लागला. पुढच्या अहवालात धोका 'आटोक्यात' आल्याची नोंद झाली.

हे सगळं असंच चाललं असतं, पण ओरेस्टचा उजवा गुडघा साफ गेला होता. वीस महिने वाट पाहिल्यावर शहरातल्या इस्पितळाने शस्त्रक्रियेची तारीख दिली, फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. तळ्यापर्यंत चालत जायचं, स्वतःच्या पायांनी, एवढंच त्याच्या मनात होतं. खोपटीपर्यंतचं अर्धा मैल अंतर तो आता घसरगाडीवर बसून जाई, आणि ती ल्यूबा ओढायची. याची त्याला लाज वाटायची, आणि तो ते बोलूनही दाखवायचा.

तारीख कळताच नगरपालिकेने तातडीची सभा बोलावली.

"तीन तास फोन बंद?" नगराध्यक्ष विल्फ लिंडक्विस्ट म्हणाला. "ओरेस्ट, अरे वादळ येतंय. क्लेटनची गाडी बाहेर कशी पडायची? गुडघा एप्रिलपर्यंत ढकल ना."

"वीस महिने थांबलोय, विल्फ. आता ही तारीख गेली तर पुढचा गुडघा मला स्वर्गात बसवतील."

"तिथे तुला चालायचंय कुठे?"

"मग असं करतो, त्या दिवशी फोन ब्रेंडाकडे ठेवून जातो."

ब्रेंडाने खुर्चीच मागे सरकवली, जणू फोन आत्ताच अंगावर येतोय.

"फोन दुसऱ्याच्या हातात?" विल्फ आवाज खाली आणून म्हणाला. "ओरेस्ट, ही सुरक्षेची बाब आहे. कलम नऊ वाच. आकडे सांगणं वेगळं आणि फोन देणं वेगळं."

अखेर ठराव झाला, की फोन निर्जंतुक पिशवीत घालून शस्त्रक्रियेच्या खोलीत न्यावा. पाचही सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. मतं संगणकावर नोंदवायची असल्याने इतिवृत्तात असं दिसतं, की ठराव ओरेस्ट बोडनार यांनी मांडला, ओरेस्ट बोडनार यांनी त्याला अनुमोदन दिलं आणि ओरेस्ट बोडनार यांनी तो पाच विरुद्ध शून्य मतांनी संमत केला.

गुरुवारी ओरेस्टला टेबलावर आडवं केलं. कमरेखालचा भाग बधिर केला. तो जागा राहावा अशी डॉक्टरांपेक्षा नगरपालिकेचीच जास्त इच्छा होती. डोक्याशी उभ्या असलेल्या नर्सने पिशवीतला फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. पलीकडून ब्रेंडा आकडे मागत होती.

"हे आकडे कोणालाही सांगू नका," ओरेस्टने छताकडे बघत सुरुवात केली. "सात, दोन, दोन, आठ..."

"मिस्टर बोडनार, जरा हलू नका," डॉक्टर पेल्टिए म्हणाल्या. "गुडघ्याचा फोटो उघडतेय." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. पडद्याने सहा आकडे मागितले. पिशवी पुन्हा वाजली.

सगळ्यांनी पिशवीकडे पाहिलं. त्याच सकाळी 'एक प्रांत, एक प्रवेश' योजनेत सगळ्या कचेऱ्या आणि इस्पितळं एकमेकांना जोडण्यात आली होती. जोडताना सर्वांत जुना मुख्य व्यवस्थापक सगळ्यांवर नेमला गेला, हे तोवर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे माझ्या गुडघ्याला माझीच परवानगी लागते?" ओरेस्ट म्हणाला. "त्यात काय, घ्या. हे आकडे कोणालाही सांगू नका. पाच, एक, शून्य, तीन, तीन, नऊ."

फोटो उघडला. दोन सेकंद गुडघा दिसला, मग पडदा लाल झाला. रुग्णाने स्वतःच्या अधिकारात स्वतःचीच वैद्यकीय माहिती उघडली होती. हा सर्वोच्च दर्जाचा भंग. खातं तत्काळ गोठवण्यात आलं.

"अहो, पण मी इथेच आहे! हा बघा गुडघा, फोटो कशाला हवा?"

"फोटोशिवाय कापता येत नाही," डॉक्टर मनापासून हळहळल्या. "नवी तारीख कळवू. साधारण वीस महिने." बधिरपणा उतरायला चार तास लागणार होते, तेवढा वेळ ओरेस्ट जिथे होता तिथेच पडून राहिला आणि रडला.

खातं गोठलं ते गावासकट. तीन दिवस बर्फ पडला. क्लेटन कोठारासमोर फावडं घेऊन उभा राहिला. ओरेस्टचा फोन मात्र सहा वर्षांत पहिल्यांदा गप्प होता, आणि ती शांतता त्याला सोसवेना.

रविवारी जेवणाच्या वेळी, पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, ताटात असताना, फोन वाजला.

"मिस्टर बोडनार? सुरक्षा विभागातून बोलतोय." आवाज गोड होता, अनोळखी होता. "खातं उघडायचे सहा आकडे आले असतील ना?"

"तू कोण? आवाज ओळखीचा नाही."

"मी नवीन आहे."

ओरेस्टने चष्मा लावला. "हे आकडे कोणालाही सांगू नका," त्याने नियमाप्रमाणे वाचलं.

"अगदी बरोबर," आवाज म्हणाला. "सांगा आता."

ओरेस्टने सांगितले. "तुझा वशिला चालत असेल, तर माझ्या गुडघ्याचं तेवढं बघशील का?"

"बघतो. आभारी आहे." सहा वर्षांत आभार मानणारा हा पहिलाच.

सोमवारी सकाळी अकराही जणांना स्वतंत्र खाती, स्वतंत्र पासवर्ड मिळाले. ओरेस्टचं खातं रीतसर बंद झालं होतं, तेही सहा वर्षांपूर्वीच्या तारखेने. कोठार उघडलं, क्लेटन निघाला. दुपारी इस्पितळातून फोन आला, मंगळवारी या.

"कोण रे हा माणूस?" ब्रेंडाने ओरेस्टला विचारलं.

"नवीन आहे म्हणाला."

"कामाचा आहे हं."

महिन्याभराने विल्फच्या लक्षात आलं, की या कामाच्या माणसाला कोणी नेमलेलंच नाही. गावातल्या एकोणीसशे माणसांचे पत्ते, जन्मतारखा, आजार आणि कुत्र्यांचे परवाने आता त्याच्या हातात होते. त्याला काढायला मुख्य व्यवस्थापकाची परवानगी हवी, आणि मुख्य व्यवस्थापक आता तोच. नगरपालिकेने त्याच्याकडे रीतसर परवानगी मागितली. चार मिनिटांत, अत्यंत सभ्य भाषेत, नकार आला. इतक्या तत्परतेने नगरपालिकेला आजवर कोणीच उत्तर दिलं नव्हतं. त्याच्या अभिनंदनाचा ठराव झाला.

मार्चमध्ये बर्फ वितळायच्या आत ओरेस्ट तळ्यावर चालत गेला. अर्धा मैल, स्वतःच्या दोन पायांनी. ल्यूबा मागून रिकामी घसरगाडी ओढत होती, सवयीने.

तुम्हाला बरं वाटलं ना? वाटणारच. गुडघा झाला, मग तो फोनवाला कोण, ही चौकशी तुम्हीही केली नाहीत. आता जरा आठवा, मागच्या आठवड्यात गोड आवाजात कोणी घाई केली तेव्हा तुम्ही सहा आकडे कसे धडाधड सांगून टाकलेत. ओरेस्ट निदान इशारा तरी आधी वाचून दाखवायचा.