चष्मा लाईनीनं जातो

सासूबाईंचा चष्मा आपण स्वतः नेऊन द्यायचा, आणि तोही सायकलीनं, असं मी ठरवलं तेव्हा मला अडवायला घरात कोणी नव्हतं. (बायको माहेरी गेली होती. माझे सगळे धाडसी निर्णय बायको माहेरी असतानाच झालेले आहेत.)

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. कोजागिरी होऊन आठवडा झाला होता. माझ्या सासूबाई, म्हणजे बपेऱ्याच्या गोदावरीबाई, यांचा दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू उन्हाळ्यात काढला होता आणि त्यांचा जाड भिंगांचा चष्मा तुमसरला तयार होऊन माझ्या हाती आला होता. त्याआधी पाच-सहा वर्षं त्यांना सगळं धुक्यातच दिसायचं. आमच्या लग्नात त्यांनी नवरदेव समजून मांडवाच्या खांबाला ओवाळलं होतं. (खांब माझ्यापेक्षा ताठ उभा होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.)

इकडे माझा मेहुणा टेकचंद याला मुलगा झालेला. पोरगं दीड महिन्याचं झालं तरी बिननावाचं, कारण नाव ठेवायचा मान आजीचा आणि आजी हट्टाला पेटलेली. "पाह्यल्याशिवाय मी कोनाले नाव ठेवत नाही!" शेवटी चष्म्याच्या भरवशावर रविवारचं बारसं ठरलं आणि चंद्रकांताचं, म्हणजे माझ्या बायकोचं, पोस्टकार्ड आलं. 'चष्मा कोणासोबत तरी पाठवून द्या. तुम्ही स्वतः नाही आलात तरी चालेल.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. आपल्याला दगदग होऊ नये म्हणून बायको किती जपते, या विचारानं माझे डोळे पाणावले. मग तर जायलाच हवं होतं.

ऑफिसातल्या वासुदेवरावांना मी मोटारीची वेळ विचारली.

"मोटारीनं कायले जाता? लाईनीनं जा ना! खाणीची जुनी लाईन सरळ बपेऱ्याच्या शिवारात निघते. सायकल टाकली का सुटले."

"पण रूळ?"

"रूळ कवाचे उखडून नेले. बांध आहे अजून. ना चढ ना उतार!"

हे मला पटलं. आगगाडीला चढ सोसत नाही आणि मलाही सोसत नाही. (वासुदेवराव स्वतः त्या वाटेनं कधीच गेले नव्हते, हे मला सोमवारी कळलं.)

रविवारी उजाडताच शर्टाच्या खिशात चष्म्याची डबी ठेवून निघालो. लाईनीवर चढलो आणि पहिल्याच मिनिटाला वासुदेवरावांच्या बोलण्यातली खोच कळली. रूळ नेणाऱ्यांनी खालचे लाकडी स्लीपरही नेले होते, पण स्लीपरचे खळगे मात्र तिथेच ठेवले होते. दर दोन हातांवर एक खळगा आणि मध्ये खडी. समोरून एक म्हातारबुवा आले, त्यांना मी रामराम केला, तो "रा-रा-रा-म-म-म" असा निघाला. बुवांनी थांबून अतिशय कणवेनं विचारलं, "थंडी वाजून ताप येते काय जी?"

पण खरं सांगतो, अर्ध्या तासानं मी खळगे विसरलो. लाईनीचा बांध दोन पुरुष उंच आणि खाली दोन्हीकडे पाणी. एका अंगाला पिवळे पडत आलेले धान, दुसऱ्या अंगाला दलदल, कमळाची पानं आणि दूरवर नदीची पांढरी रेती. तुमसरात मी सात वर्षं राहत होतो आणि माझ्या कल्पनेत तुमसरच्या बाहेर फक्त एसटी स्टँड होतं! नाल्यावरच्या लोखंडी पुलावरून सायकल खांद्यावर घेऊन मी एकेक पाऊल टाकत गेलो. पायांखाली काचेसारखं पाणी, त्यात मासे एका जागी उभे. भीती वाटत होती, तरी मी मध्येच थांबून पाहत राहिलो. हे सगळं इथे रोज असतं आणि कोणी आपल्याला सांगत कसं नाही, असं राहून राहून वाटत होतं.

आणि मग दलदलीत सारसांची जोडी दिसली.

मी सायकल थांबवली, एक पाय बांधाच्या कडेवर टेकवला. राखी रंगाचे, लाल डोक्याचे, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच पक्षी. नरानं मान आकाशाकडे करून हाक दिली, मादीनं लगेच उत्तर दिलं आणि दोघं पंख पसरून एकमेकांभोवती नाचायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. एवढं मोठं, एवढं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. फक्त ते जरा दूर होते.

इथे माझ्या डोक्यात तो विचार आला. खिशात एवढी जाड भिंगं आहेत. जाड भिंगातून मोठं दिसतं. म्हणजे ही दुर्बीणच की! मी चष्मा चढवला आणि खात्री करायला आधी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. आयुष्यरेषा नांगरानं काढलेल्या सरीएवढी दिसली. वा! मग मान वर करून सारसांकडे पाहिलं, तर सारस नाहीत, दलदल नाही, नुसती हिरवी-राखी कालवाकालव. जमीनही हातभर वर आली होती. तिच्यावर मी विश्वासानं पाय टाकला. ती तिथे नव्हती.

पुढचं सगळं वेगानं झालं. मी, सायकल आणि बरीचशी खडी असे आम्ही मिळून खाली गेलो. कमरेइतक्या चिखलात उभा राहिलो, तेव्हा सारस स्वच्छ दिसले. नाकावर चष्मा नव्हता.

हसू नका. त्या क्षणी मला रडूच आलं. एका म्हातारीची नजर, पोराचं नाव, सगळं त्या काळ्या चिखलात गेलं होतं. आणि कशापायी, तर मला पाखरं मोठी पाहायची होती!

तेवढ्यात डोंगा ढकलत शिंगाडे काढणारा एक जण आला. त्याचं नाव मंगरू.

"काय हरवलं जी?"

"चष्मा!"

"मंग चष्मा लावून पाहा ना," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मी त्याला सगळं सांगितलं. हसणं थांबवून तो पाण्यात उतरला. "हालू नोका. जितके हालान तितका तो खाली जाईन."

तो आकाशाकडे पाहत उभा राहिला आणि पायाच्या बोटांनी तळ चाचपू लागला. "शिंगाडा... शिंपला... हा तुमचा बूट." मग बराच वेळ काहीच नाही. "हे पाहा, तार लागली," असं म्हणून त्यानं अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून चष्मा वर काढला. एक काडी वाकली होती, पण भिंगं शाबूत!

मी थक्क होऊन त्याच्या पायांकडे पाहत राहिलो.

"पान्यात वरचे डोळे कामाचे नाही भाऊ. इथी पायाले डोळे पाह्यजे," तो म्हणाला आणि वर मूठभर शिंगाडे माझ्या खिशात कोंबून गेला.

बपेऱ्याला पोचलो तेव्हा पाळणा बांधून झाला होता. दारात चंद्रकांता. मला पाहून ती पांढरीफटक पडली.

"तुमी कायले आले?"

"चष्मा घेऊन."

"चष्मा द्या अन् मागच्या दारानं विहिरीवर जा. आईसमोर येऊ नोका!"

पण मला तो क्षण चुकवायचा नव्हता. मी दाराआड उभा राहिलो. सासूबाईंनी चष्मा लावला आणि आधी स्वतःचे हात पाहिले. "हे माहे हात होये? इतके म्हातारे कवा झाले?" मग टेकचंदनं पोर मांडीवर दिलं. त्या पाहतच राहिल्या. पोरही त्यांच्याकडे टक लावून पाहत होतं. "भिवया तं याच्या आज्याच्याच आहेत गा," त्या म्हणाल्या आणि चष्म्याआडून टिपं गळायला लागली. त्यांनी पोराच्या कानात नाव सांगितलं, 'ईश्वर'. सकाळी सारस पाहताना आला होता तसाच काटा माझ्या अंगावर पुन्हा आला.

"आता जवाई दाखवा," सासूबाई म्हणाल्या.

मी उत्साहानं पुढे झालो. त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "हा कोन?"

"चष्मा घेऊन आला तो मानूस," चंद्रकांता घाईनं म्हणाली.

"अहो आई, मीच जावई!"

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "काहून वं चंद्रकांता, तू तं सांगत होती का उंच हायेत, गोरेपान हायेत, कुरळे केस हायेत?"

पोस्टकार्डावरच्या त्या दोन रेघांचा अर्थ मला तेव्हा लागला.

"तो चिखल हाये आई. धुतलं का होतेत गोरे."

मग मला विहिरीवर नेलं. टेकचंदनं बादल्या ओतल्या आणि चंद्रकांतानं नारळाच्या काथ्यानं मला अर्धा तास घासलं. (पितळेची भांडीसुद्धा ती एवढी घासत नाही.) धुतलेलं धोतर नेसून, उरलेले केस नीट बसवून मी पुन्हा सासूबाईंसमोर उभा राहिलो.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"चंद्रकांता, यायले अजून धुतलं नाही काय?"

त्यानंतर त्या जे बोलत सुटल्या ते दिवेलागणीपर्यंत. पाहिल्याशिवाय नाव ठेवत नाही, हा त्यांचा शब्द अगदी खरा होता. आता त्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी पोराला एक नाव ठेवलं, बाकीची सगळी मला.