पंपाविना वाहिलेलं पाणी

एका जंगलात, बाळांनो, पाणी भरपूर होतं. फक्त ते वर होतं.

टेकडीवरच्या तळ्याला दगडी बांध होता. त्यात जंगलाचे महाराज डुंबत. पायथ्याशी छोट्या प्राण्यांचं तळं होतं, आणि ते आटलं होतं. हरणांची पाडसं चिखल चाटत होती. मासे डबक्यात तोंडं वर काढून तडफडत होते.

जलखात्याचे प्रमुख होते गवासाहेब. ते म्हणत, "पंप मागवलाय." तीन उन्हाळे हेच म्हणत होते. पंपघर मात्र बांधून झालं होतं. त्यात वटवाघळं राहत.

खालच्या तळ्याच्या काठावर भिवरा नावाची पाणमांजर राहायची. माशांची ती तडफड तिला बघवेना. सहलीला आलेल्या माणसांनी टाकून दिलेली एक लांब रबरी नळी तिला सापडली. तिनं ती वरच्या तळ्यात पूर्ण बुडवली. पाण्यानं गच्च भरल्यावर एक टोक पंजानं दाबून धरलं, ते बांधावरून ओढत थेट खालच्या तळ्यात नेलं आणि पंजा काढला.

धो धो पाणी सुरू झालं. पाडसं नाचली. सशांनी भिवराला खांद्यावर घेतलं.

दुपारी गवासाहेब धापा टाकत आले.

"पंप कुठंय?"

"लागत नाही, साहेब."

"मग पाणी बांध चढतं कसं?"

"नळीचं हे टोक वरच्या तळ्यापेक्षा खाली आहे ना. इकडं उतरणारं पाणी मागच्याला ओढून घेतं."

"ओढून घेतं? कुणाच्या परवानगीनं?"

 पाणी येतंय ना, मग बोलू देत, असं भिवराला वाटलं. बिचारी!

दुसऱ्या दिवशी उद्‌घाटन ठरलं. महाराजांच्या नावाची पाटी सगळ्यांना दिसायला हवी, म्हणून बांधावर, नळीच्या सर्वांत उंच जागी खिळ्यानं ठोकायची ठरली.

भिवरा धावत सुटली. "साहेब, तिथं भोक नको! हवा आत शिरेल!"

"हवा आम्हीसुद्धा खातो," गवासाहेब म्हणाले. "आमचं काय बिघडलं?"

सगळे हसले. महाराजही हसले, म्हणून आणखी हसले. मग खिळा आत गेला.

सुर्रर्र आवाज झाला. खाली पाणी थांबलं.

"बघितलंत, महाराज?" गवासाहेब गरजले. "म्हणून पंप हवा!"

"आम्हाला कालच शंका आली होती," ससे म्हणाले. त्यांच्या मिश्यांवर अजून पाणी होतं.

भिवरा डिंक घेऊन भोक बुजवायला गेली. पाटीला हात लावायचा नाही, म्हणून पहारेकऱ्यांनी तिला हाकललं. ती खाली आली.  तिनं एकेक मासा अलगद तोंडात धरला आणि वरच्या तळ्यात नेऊन सोडला. तीन दिवस ती हेच करत होती. तोवर पाडसांना घेऊन हरणंही दुसऱ्या जंगलात निघून गेली.

गवासाहेबांनी अहवाल लिहिला : 'खालच्या तळ्याकाठी आता तहानलेलं कुणीही नाही. टंचाई दूर झाली.'

महाराजांनी त्यांची पाठ थोपटली.

तात्पर्य : पाणी आणायला पंप लागत नाही, बाळांनो, न आणायला मात्र लागतो.