बोंबलाचा वाटा

रविवारी सकाळी विलास दळवींनी खिडकीतून खाली पाहिलं. एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी दोन्ही हातांत ओल्या बोंबलांच्या पिशव्या घेऊन धापा टाकत आत येत होते. सेक्रेटरी सात पिढ्यांचे शाकाहारी.

"काय हो हे?" दळवींनी वरून विचारलं.

"बोंबील संपणार, दळवी. सरकारी लेख आलाय. लोक फ्रीज भरतायत. म्हटलं, आपणही घेऊन ठेवावेत, मागून चुटपुट नको."

तो लेख दळवींचाच होता. म्हणजे मजकूर एआयचा, सही त्यांची.

दळवी एका सरकारी कचेरीच्या सांख्यिकी शाखेत होते. 'आकड्यांतून अर्नाळा' हा जवळच्या कोळी गावावरचा लेख दरवर्षी नवे आकडे घालून वेबसाइटवर टाकायचा, हे त्यांचं काम. यंदा हर्षवर्धन साहेबांनी एआय वापरायची मुभा दिली होती, पण अट घालून. "प्रत्येक आकडा मुळाशी ताडायचा, शेवटपर्यंत वाचायचं, मग सही. चूक झाली तर मला एआयला निलंबित करता येत नाही, दळवी. तुम्हाला निलंबित करता येतं."

हे ऐकून दळवी इतके धास्तावले, की वाचताना चूक सापडेल या भीतीने त्यांनी लेख वाचलाच नाही. आकृत्यांचे रंग तेवढे बघितले आणि डोळे मिटून सही ठोकली.

आता मोबाइलवर त्यांनी तो पहिल्यांदा वाचला. 'अर्नाळ्याच्या एकूण मासळीत बोंबलाचा वाटा वर्षभरात वीस टक्क्यांवरून बारा टक्क्यांवर आला आहे. हाच कल राहिल्यास बोंबील लवकरच इतिहासजमा होईल.' खाली लाल बाण, थेट पाताळात गेलेला.

वीस आणि बारा हे आकडे तर बरोबर होते. अर्नाळ्याला मासळी विकणाऱ्या प्रेमलताबाईंनी ते फोनवर सांगितले होते, आणि त्यांचं वाक्य दळवींनी जसंच्या तसं एआयपुढे ठेवलं होतं. मग चुकलं कुठे?

तेवढ्यात स्वयंपाकघरातून विनया म्हणाली, "अहो, बाहेर जाणार असाल तर बोंबलाचा एक वाटा आणा. आणि मोजून घ्या. पूर्वी वीसचा वाटा असायचा, हल्ली बारा टेकवतात हातावर."

वाटा! बाजारात फळीवर मांडतात तो ढीग! एआयने बिचाऱ्याने मासळीबाजार कधी पाहिला नव्हता. पण दळवींचा जन्म वाट्यांवर घासाघीस करण्यात गेला होता.

त्यांनी एआयला विचारलं, या टक्केवारीचा आधार काय? उत्तर आलं, 'अर्नाळा मत्स्यगणना अहवाल, प्रकरण सातवे.'

'असा अहवाल खरंच आहे का?'

'क्षमस्व, असा अहवाल नाही. हवा असल्यास तयार करून देऊ?'

दळवींचं बोट क्षणभर 'हो'वर घुटमळलं. एवढ्यात फोन वाजला. साहेब.

"दळवी, तुमच्या बोंबलासाठी वरून पथक येतंय. उद्या अर्नाळ्याला. मूळ आधार घेऊन हजर राहा."

दळवी स्कूटरवरून अर्नाळ्याला निघाले. किनाऱ्यावर बांबूंना बोंबील वाळत घातले होते, जबड्यात जबडा अडकवून. ते हजारो जबडे आपल्याकडेच बघून वासलेत असं दळवींना वाटलं. पुढे बाजारात प्रेमलताबाई कोयता परजून बसल्या होत्या.

"या, या. बोंबील संपवनारे तुमीच ना?"

"बाई, चूक झाली." दळवी म्हणाले. "तुमच्या वाट्याचा मी... टक्का केला. आज दुरुस्ती टाकतो. तुम्ही फक्त वीस नि बारा परत एकदा सांगा."

कोयता हवेतच थांबला. "दुरुस्ती कशाला?"

"लेख खोटा आहे."

"अवो, कालपासून गाड्या लावून लोकं येतायत. दुपारच्या आत माल खलास. आनि तुमी त्यांना सांगनार, बोंबील हाय तेवढाच हाय? खबरदार सांगाल तर. पानी पिऊन घरला जा."

असं त्रांगडं झालं. दुरुस्ती टाकली नाही तर साहेब कापणार, टाकली तर प्रेमलताबाई. आणि दोघांत कोयता एकीच्याच हातात होता. दळवी घामाने निथळत घरी आले. शेवटी त्यांनी एआय बंद केला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'लेखातील वाटा म्हणजे ढीग. एका वाट्यातील नग वीसवरून बारा झाले, एवढीच आमच्याकडे माहिती आहे, तीही एकाच विक्रेतीची. टक्केवारी निराधार असून ती न वाचता सही करणारा मी आहे.' तीनदा वाचलं, मग सही केली.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. दळवी उभे राहून बोलू लागले.

"पथक रद्द केलंय. दुरुस्ती तुम्ही स्वतः लिहिलीत?"

"हो साहेब. निलंबन...?"

"राहू दे. तुमच्या सहीखाली माझीही सही आहे, दळवी. मला आकृत्यांचे रंग आवडले होते."

पुढच्या रविवारी विनयाने दळवींना पुन्हा अर्नाळ्याला पिटाळलं. बाजार सुना होता. प्रेमलताबाईंनी वाटा पिशवीत ओतला. दळवींनी चोरट्या नजरेने मोजला.

"बाई, हे आठच आहेत. वाटा बाराचा ना?"

"बाकीच्यांना बाराचाच," कोयत्याची धार बोटाने चाचपत त्या म्हणाल्या. "तुमच्यापुरता आठाचा. सरासरी काडा नि घाला लेखात. आनि या टायमाला वाचून सही करा."